परवडणारा तोटा

मे महिन्यात कारंज्यात दुपारी बारा ते पाच या वेळात शहाणी माणसं वाचत बसत नाहीत. मला बसावं लागलं, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात एका समर स्कूलला जायचं होतं. पीएच.डी. करणाऱ्यांसाठीचं, विषय 'उद्योजकता आणि समाज'. पाच दिवसांचा कार्यक्रम आणि त्याआधी वाचून यायची एक लांबलचक यादी, सगळ्या पीडीएफ एका फोल्डरमध्ये. कूलरसमोर बाज टाकून त्या मी मोबाइलवरच वाचल्या. बाबा बाहेरून आले. डोक्याचा दुपट्टा सोडत म्हणाले, "काय वाचून राहिला रे एवढं?"

"उद्योजकांवर आहे, बाबा."

"म्हंजे टाटा-बिर्ला?"

"तसंच काहीसं."

"मंग वाच," म्हणाले आणि आत पाणी प्यायला गेले.

हा लेख म्हणजे त्या यादीची समीक्षा आहे. पुस्तकांची समीक्षा होते, सिनेमांची होते, वाचनयादीची सहसा कुणी करत नाही. पण यादी हासुद्धा कुणीतरी रचलेला मजकूरच असतो. आधी काय यावं, नंतर काय यावं आणि काय येऊच नये, हे ठरलेलं असतं. तिला नायक असतो. आणि या विषयातला नायक कोण, यावर बाहेरच्या जगातल्या बऱ्याच गोष्टी ठरतात. स्टार्टअप बुडालं की त्याला 'अनुभव' म्हणतात आणि पुढच्या गुंतवणूकदाराला तो बायोडेटात दाखवता येतो. कपाशी बुडाली की माणूस थकबाकीदार होतो, आणि ते सातबाऱ्यावरच्या बोज्यात दिसतं. दोघांनीही पैसा लावला होता, दोघांचाही अंदाज चुकला होता. एकाला उद्योजक म्हणतात, दुसऱ्याला कास्तकार.

यादीची सुरुवात जोसेफ शुम्पीटरपासून होते. तशी ती जगभर होते. 1911 साली जर्मनमध्ये आणि 1934 साली इंग्रजीत आलेलं त्याचं आर्थिक विकासाच्या सिद्धान्तावरचं पुस्तक या विषयाची जणू पोथीच आहे. उद्योजक म्हणजे जुन्या गोष्टींची नवी जुळणी करणारा, असं तो म्हणतो, आणि या जुळणीचे पाच प्रकार सांगतो: नवी वस्तू, उत्पादनाची नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत, आणि उद्योगाची नवी संघटना.

चौथ्या प्रकारापाशी मी थांबलो. या पाचांत माझं गाव कुठे येतं तर इथे. उद्योजक म्हणून नाही, कच्च्या मालाचा नवा स्रोत म्हणून.

1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीवर पडली. त्याच दशकात जीआयपी रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असं करत वऱ्हाड ओलांडून गेली. 1870 मध्ये खामगावच्या कापूसबाजारापर्यंत फाटा टाकला गेला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळपर्यंत अडीच फूट रुंदीची छोटी लाइन आली. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीची ही गाडी. तिलाच लोकांनी पुढे 'शकुंतला' म्हटलं. 1951 च्या सुमारास बाकीच्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ही लाइन राहून गेली, त्यामुळे स्वतंत्र भारतात कित्येक दशकं एका खासगी कंपनीच्या रुळांवरून सरकारी गाडी धावत होती. तिचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरमध्येच बनलेलं होतं आणि ते 1994 पर्यंत चाललं. आता गाडी बंद आहे. गावातली मोठी माणसं तिच्याबद्दल एखाद्या आत्याबद्दल बोलावं तशी बोलतात. यादी बनवणाऱ्यांना मात्र तिच्याबद्दल काही माहीत असायचं कारण नव्हतं, आणि तो त्यांचा दोष नाही.

दोष आहे तो दुसरीकडे. शुम्पीटरच्या आधी दोनशे वर्षं हा शब्द कुणी घडवला, त्याचा उल्लेख यादीच्या प्रस्तावनेत एका ओळीत उरकलेला आहे. रिचर्ड कॅन्टिलॉन. जन्माने आयरिश, धंद्याने पॅरिसमधला सावकार. जॉन लॉच्या मिसिसिपी योजनेचा फुगा फुटायच्या आत त्याने त्यातून भरपूर पैसा काढून घेतला होता, म्हणजे माणूस काही साधा नव्हता. 1734 मध्ये तो वारला आणि व्यापारावरचा त्याचा निबंध 1755 मध्ये छापला गेला. त्यातली उद्योजकाची व्याख्या अशी: जो ठरलेल्या किमतीला विकत घेतो आणि न ठरलेल्या किमतीला विकतो, तो उद्योजक. आणि याचं पहिलं उदाहरण म्हणून तो कोणाला उभं करतो? शेतकऱ्याला. मालकाला खंड ठरलेला द्यायचा आहे, पीक किती येईल ते माहीत नाही, आलेल्या पिकाला काय भाव मिळेल तेही माहीत नाही, तरी हा माणूस पेरतो.

ते वाचून मी उठून बसलो. बियाण्याच्या पाकिटावर किंमत छापलेली असते. खताच्या पोत्यावर असते. डवरणीची, फवारणीची, वेचणीची मजुरी आधी बोलून घेतलेली असते. पीककर्जाचं व्याज ठरलेलं असतं. खाली काय लिहायचं ते ठरलेलं नसतं. हमीभाव नावाची एक गोष्ट आहे, पण खरेदी केंद्राचा काटा सुरू होईपर्यंत ज्याला दिवाळी करायची आहे त्याचा कापूस घरातून निघून गेलेला असतो. कॅन्टिलॉनची व्याख्या शब्दशः लावायची तर कारंजा तालुक्यातला प्रत्येक कोरडवाहू कास्तकार पाठ्यपुस्तकातला उद्योजक आहे.

आता तीच व्याख्या जीआयपी रेल्वेच्या भागधारकांना लावून पाहा. त्यांना सरकारने वर्षाला पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. गाडी तोट्यात चालली तर फरक भारताच्या महसुलातून भरला जाणार होता, आणि तो महसूल मुख्यतः जमिनीच्या साऱ्यातून यायचा. म्हणजे लंडनमध्ये बसून भांडवल गुंतवणाऱ्याचं उत्पन्न ठरलेलं आणि सारा भरणाऱ्या वऱ्हाडातल्या कुणब्याचं न ठरलेलं. तरीही रेल्वेच्या इतिहासात साहसी उद्यम कोणाच्या नावावर आहे? शुम्पीटर इथे निदान प्रामाणिक आहे. उद्योजक म्हणून उद्योजकावर जोखीम नसते, ती भांडवल पुरवणाऱ्यावर असते, असं तो स्पष्ट म्हणतो. आपल्या उद्योगकथा मात्र शुम्पीटरची नवी जुळणी घेतात, कॅन्टिलॉनची जोखीम घेतात आणि दोन्ही एकाच माणसाच्या गळ्यात घालतात. जोखीम खरोखर ज्याच्या गळ्यात होती तो कथेत येत नाही.

यादीतला सर्वांत वाचनीय निबंध सरस सरस्वती यांचा आहे. 2001 सालचा. अमेरिकेत डॉक्टरेट करताना त्यांनी 27 अनुभवी उद्योजकांना एक काल्पनिक धंदा उभा करायला दिला आणि विचार करताना मोठ्याने बोलायला सांगितलं. त्या बोलण्यातून त्यांना दिसलं की ही माणसं आधी ध्येय ठरवून मग साधनं शोधत नाहीत. हाताशी जे आहे, ओळखीचं जे कोणी आहे, तिथून सुरुवात करतात आणि जो येईल त्याचा तुकडा जोडत जातात, गोधडीसारखं. मला हे फार पटलं. माझी आजी हेच करायची, तिच्याकडून कुणी मोठ्याने बोलून घेतलं नाही इतकंच.

पण या निबंधातली एक कल्पना मला आठवडाभर डाचत राहिली. अनुभवी उद्योजक किती नफा होईल याचा हिशेब करत नाही, असं त्या म्हणतात. किती तोटा आपल्याला परवडेल ते तो आधी ठरवतो आणि तेवढंच पणाला लावतो. परवडणारा तोटा. कल्पना शहाणपणाची आहे, वर्गात शिकवायला सोपी आहे आणि जगातल्या बऱ्याच धंद्यांना लागू होते. तिच्यात गृहीत धरलेली गोष्ट एकच आहे: तोटा ठरवणं आपल्या हातात आहे.

बाबांची एक डायरी आहे. विमा कंपनीची फुकट मिळालेली, तारखा जुन्या वर्षाच्या. तिच्यात डाव्या पानावर खर्च, उजव्या पानावर उत्पन्न. डावं पान जूनपासून भरत जातं, तारीखवार, पैशापैशासह. उजवं पान दिवाळीपर्यंत कोरं असतं. 2017 च्या पानांवर, ज्या वर्षी विदर्भभर गुलाबी बोंडअळी आली, उजवीकडे दोन नोंदी आहेत आणि त्याखाली काहीच नाही. मी डायरी घेऊन बाबांपाशी बसलो आणि सरस्वतीबाईंचा प्रश्न आमच्या भाषेत विचारला. पेरताना तुम्ही ठरवता का, की एवढं गेलं तर चालेल?

बाबांनी जरा विचार केला. "एवढं गेलं तं चालीन असं कोन म्हनते? पेरलं नाही तं वावर पडीत राह्यते. पेरलं तं पैसा जाते. आता तूच सांग."

मी काय सांगणार? न पेरणं हा पर्यायच नसेल, तर 'किती पणाला लावू' हा प्रश्नच पडत नाही. सरस्वतींच्या 27 जणांपैकी प्रत्येकाला काल्पनिक धंदा नको असता तर तो उठून जाऊ शकत होता. परवडणाऱ्या तोट्याचा सिद्धान्त अशा माणसांकडून आला आहे ज्यांच्याकडे गमावल्यानंतरही काहीतरी उरतं. सिद्धान्त खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो कोणाला विचारून बनवला, ते पानाच्या वरच्या बाजूला मोठ्या अक्षरात असायला हवं, एवढंच.

समर स्कूलमध्ये मी हे बोललो. सत्र चालवणाऱ्या मार्गदर्शकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुम्ही सांगताय ती उपजीविका आहे, उद्योजकता नव्हे. वाढ आणि नवता नसेल तर शब्दाला अर्थ राहत नाही. वर्गातल्या काहींनी माना डोलावल्या. त्यांचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नाही. कॅन्टिलॉनच्या व्याख्येत पाणके येतात, भिकारी येतात, चोरसुद्धा येतात. तो स्वतःच तसं लिहितो. सगळेच उद्योजक असतील तर शब्द कशाला हवा?

आणि खरं सांगायचं तर दुसरी एक शंका माझी मलाच आली होती. शेतकऱ्याला उद्योजक म्हणा, हा आग्रह आता माझ्यासारखे चार-दोन विद्यार्थीच धरतात असं नाही. सरकारी योजनांची भाषाही तीच आहे. 'अ‍ॅग्रीप्रेन्युअर' हा शब्द आता तालुक्याच्या बॅनरवर दिसतो. शरद जोशींनी शेतीचा उत्पादनखर्च मांडून शेती हा हिशेबाचा धंदा आहे हे शेतकऱ्यांच्या गळी उतरवलं, त्यात ताकद होती, कारण हिशेबाचा शेवट 'भाव द्या' असा होता. आजच्या बॅनरवरच्या शब्दाचा शेवट तसा होत नाही. तू उद्योजक आहेस म्हणजे तुझा तोटा तुझा, असा होतो. 2006 मध्ये पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं त्यात आमचा वाशिम होता, आणि ते पॅकेज कशामुळे आलं हे इथे सांगायची गरज नाही. त्या जिल्ह्यातल्या माणसाला पदवी बहाल करून जोखीम त्याच्याकडेच ठेवणं, याला सन्मान म्हणता येत नाही. जीआयपीच्या भागधारकांना पदवीही मिळाली होती आणि हमीही.

म्हणून 'शेतकरी उद्योजक आहे की नाही' हा वाद मी सोडून दिला. यादीतच त्याला उत्तर होतं, फक्त ते तिसऱ्या दिवशी, जेवणानंतरच्या सत्रात ठेवलं होतं, जेव्हा निम्मा वर्ग पेंगत असतो. विल्यम गार्टनर यांनी 1988 मध्येच लिहून ठेवलं आहे की 'उद्योजक कोण' हा प्रश्नच चुकीचा आहे. माणसाचे गुण मोजत बसू नका, संस्था उभी राहते तेव्हा नेमकं काय घडतं ते पाहा. 2004 मध्ये ख्रिस स्टेयर्ट आणि जेरोम कॅट्झ त्याच्या पुढे गेले. उद्योजकता कोणत्या जागांमध्ये शोधायची आणि कोणत्या नाही, कोणाच्या बाजूने तिची गोष्ट सांगायची, हे आधीच ठरलेलं असतं, ते उघड करा असं त्यांचं म्हणणं. हे दोन लेख पहिल्या दिवशी सकाळी असते तर उरलेली यादी वेगळी वाचली गेली असती. यादीचा क्रम हा मतप्रदर्शनाचाच भाग असतो म्हणतो तो असा.

आणि मग जे नव्हतंच त्याबद्दल. धनंजयराव गाडगीळ नव्हते. केंब्रिजला पंचविशीच्या आत लिहिलेला आणि 1924 मध्ये पुस्तकरूपाने आलेला त्यांचा भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा प्रबंध यादीत हवा होता, कारण त्यात कारखान्यांइतकीच जागा खेड्याला आणि कापसाच्या तेजी-मंदीला आहे. शिवाय हाच माणूस पुढे विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत होता. संशोधक आणि उद्योगउभारणी यांचा इतका जवळचा संबंध दाखवणारं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. लक्ष्मण सत्या यांचं वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांवरचं 1997 चं पुस्तक नव्हतं. कापसाने वऱ्हाड श्रीमंत झालं ही शाळेत शिकलेली गोष्ट त्या पुस्तकानंतर तशीच सांगता येत नाही. गुरचरणं आणि ज्वारी कमी होत गेली आणि 1899-1900 चा दुष्काळ आला तेव्हा बाजाराशी जोडलेल्या या मुलखाच्या हातात काय उरलं होतं, ते त्यात आहे.

आपल्याकडचा कापूस एकाधिकार योजनेचा प्रयोगही नव्हता. 1972 पासून जवळपास तीन दशकं महाराष्ट्र सरकारने सगळा कापूस स्वतः विकत घ्यायचं ठरवलं. भावाची जोखीम शेतकऱ्याच्या डोक्यावरून काढून समाजाच्या डोक्यावर ठेवायचा हा भारतातला एक मोठा प्रयोग. चुकारे रखडले, तोटा साचला, बाहेर भाव चढला की लोकांनी कापूस रात्रीतून सीमेपलीकडे नेला. या सगळ्यावर टीका करा, पण 'उद्योजकता आणि समाज' असं नाव असलेल्या वर्गात तो चर्चेला यायला हवा होता. दुसरं कोणतं प्रकरण या नावाला इतकं शोभेल?

कथा-कादंबरी तर एकही नव्हती. सदानंद देशमुखांची 'बारोमास', 2004 ची साहित्य अकादमी मिळालेली, मी त्या पीडीएफच्या फोल्डरमध्ये मनातल्या मनात टाकली. शिकलेला, नोकरी न मिळालेला एकनाथ आणि त्याची शेती. धंद्याचा निर्णय घरात कसा घेतला जातो, कोण गप्प बसतं, कोण टोमणा मारतं, कर्ज काढायच्या आदल्या रात्री जेवणाच्या ताटावर काय होतं, हे कोणत्याही मुलाखतीच्या पद्धतीतून हाती लागत नाही.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपल्या गावच्या एका 'उद्यमकथे'वर दहा मिनिटं बोलायचं होतं. आमच्या गावात अशी कथा तयारच आहे. कस्तुरीच्या हवेलीची. उंटांवर कस्तुरी लादून एक व्यापारी आला, एवढा माल घेणारा कुणी मिळेना, तेव्हा कारंज्याच्या एका सावकाराने सगळी कस्तुरी विकत घेतली आणि बांधकाम चालू असलेल्या हवेलीच्या चुन्यात कालवली. आख्यायिका आहे. लहानपणी आम्ही भिंतीला नाक लावून वास येतो का बघायचो. गोष्ट वर्गात रंगली असती. पण तिच्यातही पैसा कुठून आला ते नाहीच.

मी दुसऱ्या गोष्टीवर बोललो. गुरुमंदिरासाठी, नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून, लोक कारंज्याला येतात. पण इथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन जैन भट्टारक परंपरांची मंदिरं आहेत आणि त्यांचे जुने ग्रंथभांडारही. इथल्या पोथ्यांच्या आधारे हिरालाल जैन आणि प. ल. वैद्य यांनी 1930 च्या दशकात अपभ्रंश काव्यं संपादित केली. ती ज्या ग्रंथमालेत छापली गेली तिला इथल्या चवरे या व्यापारी घराण्यातल्या अंबादास चवरेंचं नाव आहे. व्यापारातला पैसा पुस्तकात गेला, हे एक झालं. मला दाखवायचं होतं ते पोथीचं शेवटचं पान. जैन पोथ्यांच्या शेवटी बहुधा एक प्रशस्ती असते: कोणत्या साली, कोणत्या गावात, कोणत्या राजाच्या काळात, कोणत्या गुरूच्या परंपरेत, कोणाच्या पैशाने, त्याच्या बायकोची, मुलांची नावं, आणि पोथी हाताने कोणी उतरवली. लेखनिक कित्येकदा शेवटी सांगतो की पाठ आणि मान वाकवून हे लिहिलं आहे, चूक असेल तर माझा दोष मानू नका, पोथी पाण्यातेलापासून सांभाळा.

मी वर्गाला म्हटलं, उद्योजकांची चरित्रं वाचताना शेवटी हे पान शोधून बघा. पैसा कोणाचा, हात कोणाचे, मान कोणाची वाकली. दहा मिनिटं संपल्याची घंटा वाजली. नंतर एका मुलीने विचारलं, तुमच्या वडिलांचं नाव या पानावर कुठे येईल? मी म्हटलं, भांडवल पुरवणाऱ्यात. ती हसली. मी गंमत करत नव्हतो.

घरी आलो तेव्हा मृग लागला होता, पाऊस नव्हता. बाबांनी बियाणं आणून ठेवलं होतं. डायरीचं डावं पान सुरू झालं होतं.